प्रवासाचं विनोदी पुस्तक आदल्या दिवशी घ्या

नाशिकरोडच्या फलाटावर, गाडी यायला सात मिनिटं उरली असताना, मी आयुष्यातलं सगळ्यात वाईट पुस्तक विकत घेतलं. मुखपृष्ठावर डोळे बाहेर आलेला एक ढेरपोट्या माणूस आणि त्याच्या डोक्यावर लाल अक्षरांत 'हसून हसून पोट दुखेल' अशी हमी. आत नवरा-बायकोचे चुटके. देवळाली जाईपर्यंत तीस चुटके वाचून झाले. त्यांतल्या अठ्ठावीसमध्ये बायको माहेरी जात होती आणि उरलेल्या दोनमध्ये ती परत येत होती. इगतपुरीला मी पुस्तक मिटलं आणि समोरच्या गृहस्थांच्या पेपरची मागची बाजू कल्याणपर्यंत वाचत बसलो. त्यात निविदा सूचना होत्या, पण त्या बऱ्या होत्या.

तेव्हापासून पुस्तक मी आदल्या दिवशीच घेतो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत नोकरीला आलेले, कॉलेजसाठी इथे खोली घेऊन राहणारे, महिन्यातून एक-दोनदा मुंबई-पुण्याला किंवा घरी जाणारे माझ्या ओळखीचे बरेच जण विचारतात, प्रवासात वाचायला हलकंफुलकं काय घ्यावं? त्यांना मी जे तोंडी सांगतो तेच इथे लिहितो आहे.

आधी प्रवास मोजा

दुकानात शिरण्याआधी आपण किती वेळ आणि कशात बसणार आहोत याचा हिशोब करायचा. विनोदी गद्याचं एक पान वाचायला मला दीड ते दोन मिनिटं लागतात. हसायला, आणि हसल्यावर आजूबाजूला बघायला लागणारा वेळ त्यातच आला.

पंचवटी एक्स्प्रेस घ्या. ही गाडी १९७५ पासून मनमाड ते मुंबई धावते, नाशिकरोडला सकाळी सातच्या आसपास येते आणि साडेतीन-पावणेचार तासांत सीएसएमटीला पोचवते. म्हणजे कागदावर सव्वाशे पानं. पण त्यातून जागेवर स्थिरस्थावर होण्याचा वेळ वजा करा, चहा वजा करा, कसारा घाट वजा करा (का ते पुढे सांगतो), आणि कल्याणनंतरचा वेळ तर पूर्ण सोडा, तिथून पुढे सगळा डबा उभाच असतो. हातात राहतात सत्तर-ऐंशी पानं. जाऊन-येऊन दीडशे पानांचं पुस्तक बरोबर बसतं. साडेतीनशे पानांचा ठोकळा नेला तर खांदा दुखतो आणि अर्धं न वाचलेलं पुस्तक परत आल्यावर कपाटातून आपल्याकडे बघत राहतं.

पुण्याची एसटी हा वेगळा प्रकार. अंतर २१० किलोमीटरच्या आसपास, वेळ पाच तास, चाकणला अडकलात तर देवाची मर्जी. वेळ भरपूर, पण वाचन कमी. बस हादरते, ओळ सुटते. त्यामुळे एसटीसाठी टाइप मोठा आणि लेख छोटे हवेत, पाच-सहा पानांत संपणारे. संगमनेर सोडल्यावर चंदनापुरी घाट लागला की पुस्तक सरळ बंद करा. डोळे सांगत असतात की पान स्थिर आहे, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगत असते की आपण वळतो आहोत, आणि या भांडणात पोटाचं नुकसान होतं.

त्र्यंबकला जाणार असाल तर पुस्तक घेऊच नका. अठ्ठावीस किलोमीटरला एक लेख पुरतो, तोही अंजनेरीच्या डोंगराकडे बघण्यात अर्धा राहतो.

कुठे घ्यायचं

जुन्या गावातला मेन रोड, एम. जी. रोड, रविवार कारंजा हा भाग, किंवा नव्या वस्तीत कॉलेज रोड आणि गंगापूर रोड. सोयीचं असेल ते दुकान धरा. जूनमध्ये मात्र पुस्तकांच्या दुकानात हौसेने जाऊ नये. काउंटरवर शाळेच्या याद्या घेतलेल्या आयांची रांग असते, आणि अशा वेळी 'जरा विनोदी दाखवता का' म्हणणारा माणूस दोन्ही बाजूंना नकोसा होतो. त्याउलट फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात जरूर जा. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, तोच मराठी भाषा गौरव दिन. तात्यासाहेब नाशिकचेच, म्हणून त्या दिवसांत इथे पुस्तकांना जरा जास्तच मान असतो आणि बऱ्याच ठिकाणी सवलतही असते.

एखादा लेखक आपल्याला झेपतो का हे विकत घेण्याआधी पाहायचं असेल तर सार्वजनिक वाचनालय आहे, गावात त्याला 'सावाना' म्हणतात. परशुराम साईखेडकर नाट्यगृह त्याच आवारात आहे. वाचनालयाची स्थापना १८४०ची. देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली १८५३ साली. म्हणजे आगगाडी यायच्या तेरा वर्षं आधी नाशकात वाचायची सोय झाली होती, फक्त गाडीत बसून वाचायची राहिली होती. वाचनालयाचं पुस्तक प्रवासाला नेऊ नका मात्र. चहा सांडतो, आणि मग काउंटरवर खाली मान घालून उभं राहावं लागतं. तिथे चाखायचं आणि दुकानात विकत घ्यायचं.

दुकानात काय म्हणायचं

नवखा माणूस इथेच फसतो. "काका, विनोदी काही आहे का?" असं विचारलं की काका बसल्या जागेवरून बोट दाखवतात. त्या बोटाच्या टोकाला चुटक्यांची पुस्तकं, शेरोशायरी आणि 'यशस्वी कसे व्हावे' एकाच फळीवर असतात. त्यांची चूक नाही, प्रश्नच तसा आहे. 'भाजी द्या' म्हटल्यावर भाजीवाली काय देणार?

प्रकार सांगा. ग्रामीण विनोदी कथा हव्यात, की शहरी मध्यमवर्गीय घरातले लेख, की प्रवासवर्णन, की नाटक? एवढं बोललात की काकांचा चेहरा बदलतो, ते उठतात, आणि शिडी लावतात. शिडी लागली की समजायचं, आपलं काम झालं.

कुणाची नावं घ्यायची, हे आता माझ्या आवडीनिवडीसकट सांगतो.

मराठी विनोदाची गाडी ज्यांनी रुळावर आणली ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. त्यांचं 'सुदाम्याचे पोहे' १९१० साली पुस्तकरूपाने आलं. सुदामा, पांडुतात्या आणि बंडूनाना हे त्रिकूट त्यातलं. वाचावंच असं आहे, पण घरी, टेबलावर. त्यांचं एखादं वाक्य नाशिकरोडला सुरू होतं आणि त्याचं क्रियापद घोटीला भेटतं.

गाडीसाठी माझं पहिलं नाव चिं. वि. जोशी. हे गृहस्थ बडोद्याला पालीचे प्राध्यापक होते आणि घरी बसून चिमणराव आणि गुंड्याभाऊंचे उपद्व्याप लिहीत होते. एकेक प्रकरण आटोपशीर, मध्येच तिकीट तपासनीस आला तरी सूत्र तुटत नाही, आणि विनोद असा की गालातल्या गालात हसू येतं, शेजाऱ्याला दचकायला होत नाही. जुन्या काळचे तपशील आहेत, पण पाहुण्यांनी घर डोक्यावर घेणं अजून जुनं झालेलं नाही. एक व्यवहाराची गोष्ट: आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. जोशी १९६३ साली गेले, म्हणजे २०२४ पासून त्यांच्या हयातीतलं लेखन कुणीही छापू शकतं. त्यामुळे स्वस्तातल्या आवृत्त्या दिसल्या तर आनंद आहे, पण आधी दोन पानं नीट वाचून मुद्रितशोधन बघा. विनोदी वाक्यातला एक काना गळला तरी ते वाक्य मरतं.

पु. ल. देशपांडे तुम्हाला न मागता मिळतील. 'बटाट्याची चाळ' १९५८ची, अजून ताजी. नवख्याने डोळे झाकून घ्यावं. त्यात अडचण एकच, बहुतेकांनी पु. लं.ची ध्वनिमुद्रणं इतकी ऐकलेली असतात की वाचताना कानात त्यांचाच आवाज चालू होतो आणि वाचायचा वेग त्यांच्या बोलण्याच्या वेगाइतका होतो. हिशोबात पानं कमी धरा. मंगला गोडबोले यांचे लेख एसटीसाठी फार चांगले, घरातल्या बाईच्या नजरेतून लिहिलेले, छोटे, नेमके. आणि नाटक वाचायची सवय नसेल तर प्रवासात एकदा करून बघा. वसंत कानेटकर आपल्या नाशिकचे, इथल्या हं. प्रा. ठा. कॉलेजात शिकवायचे. त्यांचं 'प्रेमा तुझा रंग कसा' हातात घेतलं तर संवादांमुळे पानं भराभर उलटतात आणि आपण फार वेगाने वाचतो आहोत असा सुखद गैरसमज होतो.

विडंबन काव्य मी प्रवासाला नेत नाही. ज्या कवितेची टर उडवली आहे ती मूळ कविता पाठ असेल तरच हसू येतं, आणि रेंज नसलेल्या घाटात मूळ कविता कुठे शोधणार!

द. मा. मिरासदारांचं नाव मुद्दाम मागे ठेवलं आहे. ते पुढे येईल.

उभ्याने दोन पानं

पुस्तक हातात आलं की पहिलं पान वाचू नका. पहिलं पान प्रत्येक लेखक घासूनपुसून लिहितो. मधलं कुठलंही उघडा, साठ-सत्तरच्या आसपासचं. कोण बोलतंय, कुणाचं लग्न आहे, काही माहीत नसताना दोन पानं वाचा. खो खो हसायला यायची गरज नाही. ओठाचा एक कोपरा जरी हलला तरी पुस्तक घ्या. अनोळखी माणसांत आल्याआल्या, त्यांचं नावगाव माहीत नसताना हसू येतं, तर ओळख झाल्यावर येणारच.

मला या सगळ्या उपद्व्यापातला हाच भाग सगळ्यात आवडतो, प्रवासापेक्षाही. फळीच्या कडेला पाठ टेकून उभं राहायचं, बाहेर रिक्षांचे हॉर्न, आत कोऱ्या कागदाचा वास, आणि सत्तराव्या पानावर कुणीतरी कुणाला तरी म्हशीचा भाव विचारतंय. एकदा असाच उभा असताना माझ्या तोंडून फिस्सकन हसू निघालं. काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि बिलबुक पुढे ओढलं. "घेतलंत तुम्ही," ते म्हणाले. मी अजून काही बोललोही नव्हतो.

दोन पानांत आणखी एक कळतं, ते म्हणजे बोली. कोल्हापुरी, मालवणी, वऱ्हाडी संवाद असतील आणि ते तुम्हाला थांबून थांबून उलगडावे लागत असतील तर विनोद शिळा होतो. खानदेशातून किंवा विदर्भातून आला असाल तर आधी आपल्याकडच्या बोलीतलं पुस्तक शोधा.

पैसे देण्याआधी

आता वस्तू म्हणून पुस्तक तपासायचं. छापील पुस्तकांवर जीएसटी नसतो, म्हणजे छापील किमतीच्या वर काही द्यायचं नाही, झाली तर सवलतच होईल. बांधणी जुजबंदी, म्हणजे शिवलेली असेल तर उत्तम. नुसती डिंकाने चिकटवलेली असेल तर पुस्तक मध्यावर उघडून हलकेच दाबा, कर्रकन वाजलं तर ते मनमाडला पोचेपर्यंत सुटी पानं होऊन जाईल. आकार असा हवा की एका हातात धरता येईल, कारण दुसरा हात एसटीत दांड्याला लागतो.

आणि फर्मे मोजा. हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. पुस्तक सोळा-सोळा (कधी आठ-आठ) पानांच्या फर्म्यांत छापतात आणि ते फर्मे जुळवून बांधतात. जुळवताना चूक झाली तर एक फर्मा दोनदा येतो आणि एक गायब होतो. माझ्याकडच्या एका कथासंग्रहात ९६ नंतर पुन्हा ८१ आलं आणि त्यानंतर थेट ११३. मला ते कळलं खर्डी स्टेशनच्या आसपास. गोष्टीत एका गृहस्थांनी शेजाऱ्याचा कोंबडा पोत्यात घातला होता, पोतं सायकलला बांधलं होतं, आणि समोरून फौजदार आला होता. मी पान उलटलं तर ते गृहस्थ पुन्हा पंधरा पानं मागे जाऊन अंगणात दात घासत होते. प्रकाशकाचं नाव घेत नाही, कळवल्यावर त्यांनी प्रत बदलून दिली. पण त्या दिवशी खर्डी ते मुंबई माझे काय हाल झाले ते माझं मला माहीत. तेव्हा १६, ३२, ४८, ६४ या पानांपाशी अंगठा फिरवत जायचं. अर्धं मिनिट लागतं.

कमी पैशात

दिवाळी उलटली की रद्दीच्या दुकानांत दिवाळी अंक येऊन पडतात. विनोदी अंकांत 'आवाज' घ्या. मधुकर पाटकरांनी तो १९५१ साली सुरू केला आणि त्यातली खिडकी-चित्रं हा महाराष्ट्राचा अर्धवट लपवलेला छंद आहे. पानाला खिडकी कापलेली असते, तिच्यातून भलतंच काहीतरी दिसतं, आणि पान उलटलं की आतलं चित्र अगदी सोवळं निघतं. हे गाडीत उघडण्याआधी शेजारी कोण आहे ते बघा. माझ्या शेजारी एकदा गीता वाचणारे आजोबा होते. मी खिडकी बघून घाईघाईने अंक मिटला. दहा मिनिटांनी ते हळूच म्हणाले, "उलटा की पान, आत काय आहे?"

गाडीत बसल्यावर

सकाळी मुंबईकडे जाताना उजव्या हाताची खिडकी धरा. गाडी नैर्ऋत्येला जाते, ऊन डावीकडून येतं आणि पांढऱ्या पानावर डोळे दिपतात. पंचवटीत रोज अप-डाउन करणाऱ्या पासधारकांचे ठरलेले गट असतात, त्यांच्यामध्ये पुस्तक उघडून बसू नका. ते वाईट नाहीत, उलट फार प्रेमळ आहेत, आणि प्रेमाने तुमच्या हातात ढोकळा ठेवतात. चिवडा-ढोकळा खायचा असेल तर पुस्तक बाजूला ठेवूनच खा. माझ्या एका पुस्तकावर हळदीचा अंगठा उमटला आहे, तलाठ्याच्या कागदावर असतो तसा.

इगतपुरीनंतर कसारा घाट. पंधराएक किलोमीटरचा टप्पा, उतार ३७ फुटांना १ फूट, आणि मध्ये बोगदे. बोगद्यात दिवे असले तरी अक्षर धूसर होतं, आणि नेमकं ज्या वाक्यावर हसायचं असतं त्याच्या अर्ध्यावर अंधार येतो. बाहेर येईपर्यंत विनोद लोंबकळत राहतो. पावसाळ्यात तर घाटात वाचणं हा शुद्ध करंटेपणा. पुस्तक मांडीवर पालथं ठेवा आणि बाहेर बघा.

आता हसण्याचं. एकट्या माणसाने मोठ्याने हसणं आपल्याकडे अजून संशयास्पद मानतात. फोन कानाला लावून हसलं तर चालतं, पुस्तकात बघून हसलं की डबा वळून बघतो. लाजू नका. मुखपृष्ठ समोरच्याला दिसेल असं धरा, म्हणजे कारण आपोआप जाहीर होतं.

पुण्याच्या एसटीत मिरासदारांची एक गोष्ट वाचताना सिन्नरच्या पुढे माझा बांध फुटला. शेजारच्या बाई मांडीवर वाणांची पिशवी घेऊन बसल्या होत्या. थोडा वेळ त्यांनी सहन केलं. मग म्हणाल्या, "दादा, एकटेच काय हसताय? आम्हाला पण कळू द्या." मी जरा हळू आवाजात वाचायला सुरुवात केली. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघं गावोगाव कथाकथन करत फिरले होते. त्या गोष्टी ऐकवण्यासाठीच घडलेल्या आहेत, हे मला त्या बसमध्ये नीट कळलं. पुढच्या सीटवरचे दोघं मान वळवून बसले. कंडक्टर तिकिटं संपवून आमच्या सीटला टेकून उभा राहिला. आणि गोष्ट ऐन रंगात आली असताना संगमनेर आलं. बाईंना तिथेच उतरायचं होतं. त्या उतरल्या, पिशवी खाली ठेवली आणि खिडकीपाशी येऊन मान वर करून विचारलं, "अहो, मग शेवटी झालं काय?"

मी शेवट सांगायला तोंड उघडलं आणि कंडक्टरने घंटी ओढली. तेव्हा अशी गोष्ट मोठ्याने वाचायला घेण्याआधी शेजाऱ्याला विचारून घ्या, कुठे उतरणार?

परतीसाठी

येताना नवीन पुस्तक घ्यायचा मोह दादर-पुण्यात होतो. घ्या, पण आधीचं निम्मं शिल्लक असेल तर तेच काढा, रात्री थकलेल्या डोक्याला ओळखीची माणसं बरी वाटतात. आणि पुस्तक वाचून झालं की पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तारीख, गाडी आणि काय झालं ते दोन शब्दांत लिहून ठेवा. माझ्या चिमणरावावर लिहिलं आहे: 'पंचवटी, इगतपुरीला पाऊण तास उभी, कळलंच नाही.' कोंबडेवाल्या संग्रहाच्या बदली प्रतीवर लिहिलं आहे: 'पान ९७. फौजदाराने पोतं उघडलंच नाही.'